ॲप बंद झालं, ओढ नाही

२०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि माझं रमीचं ॲप बंद पडलं. सुटलो एकदाचा, म्हटलं. मी जालन्याच्या मोंढ्यात आडतीवर दिवाणजी. दिवसभर लोकांच्या पैशांचा हिशोब लिहायचा आणि घरचे झोपले की पांघरुणात फोन. त्यात आमचं घराणं बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या गावातलं, म्हणजे पिढीजात ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दारू सुटल्याची साक्ष लोक उभं राहून देतात. रमीची कोण देणार?

सोयाबीनचा सीझन लागला. काट्यापाशी जरा उसंत मिळाली की अंगठा आपसूक स्क्रीनच्या कोपऱ्यात जायचा, ॲप होतं त्या जागी. तिथे काही नाही हे माहीत असून दाबायचा. मग कुणीतरी क्रिकेटच्या सट्ट्याची लिंक धाडली. ती मी उघडली नाही, पण डिलीटही केली नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूची आठवण म्हणून सगळे भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, मी मागच्या मागे निघून जायला लागलो, ते पाळकसाहेबांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, नजरेतून सुटलं नाही. घरी आले, विचारलं, मी सांगितलं. रागावले नाहीत. बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढला. 'लोभ धरू नको' असं नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, म्हणालं नसतं तर लोभ काय ते मला कळलं नसतं, असं पौल तिथे म्हणतो. नियम पाप दाखवतो, त्यातून सोडवायची ताकद त्याच्यात नाही. सरकारच्या बंदीचं माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं होतं.

"पण साहेब, पौल पुढे म्हणतो, करू नये तेच मी करतो, ते त्याचं येशूवर विश्वास धरण्याआधीचं असेल ना?" मी विचारलं. ते हसले. म्हणाले, जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती विद्वान संत ऑगस्टीनही आधी हे नियमशास्त्राखालच्या, अजून विश्वास न धरलेल्या माणसाचं बोलणं समजायचा. पुढे त्याने मत बदललं, हे विश्वासणाऱ्याचंच आहे म्हणाला. मला धीर आला आणि जरा धास्तीही वाटली. म्हणजे हे जन्मभर चालायचं?

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात वासना गर्भ धरते आणि मग पापाला जन्म देते असं आहे. "म्हणजे मधे वेळ असतो," साहेब म्हणाले. "तुम्हाला ओढ कधी लागते तेवढं बघा." बघितलं. कंटाळा आला म्हणून लागत नव्हती. दुसऱ्याची मोठी रोकड मोजून झाली की त्या रात्री हमखास लागायची. मी ज्याला टाइमपास म्हणत होतो ती सरळ हाव होती. तेव्हापासून प्रार्थना बदलली. आधी रात्री 'प्रभू, हे काढून टाक' म्हणायचो. आता गड्डीला रबर लावतानाच 'हे माझं नाही, आणि माझं आहे ते पुरे आहे' म्हणतो. कधी मनापासून निघतं, कधी नुसतं तोंडाने.

बायकोला सांगणं सगळ्यात जड गेलं. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता विचारलं, "किती गेले?" आकडा सांगितल्यावर मात्र थांबली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एटीएम कार्ड मागून घेतलं आणि माझ्या फोनमधलं यूपीआय काढायला लावलं. आता मी रोखीने चहा पितो. चहावाला वैतागतो, "दिवाणजी, सुट्टे कुठून आणू?"

मंडळीत एक-दोघं म्हणाले, प्रार्थनेवर विश्वास असता तर कार्ड द्यावं लागलं नसतं. मला नाही पटत. अटक व्हायच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना जागे राहा आणि प्रार्थना करा, दोन्ही सांगितलं. कार्ड देणं माझ्या लेखी जागं राहणं आहे. त्याने हाव जात नाही, हे मान्य.

प्रभुभोजनाला पुन्हा जातो. प्रभुभोजनाआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, एवढंच वाचून मी मागे राहत होतो. पौलाने पुढे 'आणि मग खावे' असं लिहिलंय. आयपीएल लागली तशी नव्या नंबरावरून लिंक आली. बायकोला दाखवून ब्लॉक केली. "उघडावीशी वाटली का?" तिने विचारलं.

"वाटली," म्हणालो.