झोपेवरच्या बातम्या ऐकत इंग्रजीचा कान तयार केला, त्याची गोष्ट

वाचताना इंग्रजी मला कधी अडलं नाही. लांबलचक लेख, कामाचे मेल, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी, सगळं सुरळीत वाचता यायचं. पण तेच कुणी बोलायला लागलं की पहिली दोन वाक्यं हाती लागायची, आणि तिसरं चालू असताना मी दुसऱ्याचाच अर्थ लावत बसलेली असायचे. चौथ्यापाशी नाद सोडायचा. सबटायटल लावून सिनेमे बघ, कान आपोआप सुधारेल, असं सगळे सांगतात. मला विचाराल तर त्याने वाचनाचा वेग वाढतो. डोळ्यांना अक्षरं मिळाली की कान सरळ रजेवर जातो.

म्हणून ठरवलं की फक्त ऐकायचं, आणि एकाच विषयावरचं ऐकायचं. विषयासाठी फार डोकं खाजवलं नाही. तेव्हा माझ्या झोपेचं पार खोबरं झालेलं होतं, आणि झोपेवर बोलणाऱ्या कुणाचंही मी कुठल्याही भाषेत ऐकून घेतलं असतं. एकाच विषयावर वेगवेगळ्या माणसांचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकण्याच्या या पद्धतीला ‘नॅरो लिसनिंग’ म्हणतात आणि स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने १९९६ मध्ये तिचा पुरस्कार केला होता, हे नंतर वाचनात आलं. फायदा मात्र आधीच दिसायला लागला होता. झोप, मेंदू, हार्मोन, रक्तदाब, स्मरणशक्ती, थकवा: शब्दांचं हे छोटं कुटुंब दर अहवालात फिरून फिरून भेटतं.

शिवाय आरोग्याच्या बातमीचा साचा ठरलेला असतो. नव्या अभ्यासात काय दिसलं, ते आधी. मग किती लोकांना किती काळ तपासलं. मग संशोधकाचं एखादं वाक्य, त्याच्या पाठोपाठ त्या अभ्यासात नसलेल्या एखाद्या तज्ज्ञाचं मत. शेवटी पथ्यं: खोली काळोखी आणि थंड ठेवा, रोज एकाच वेळी उठा, अंथरुणात फोन नको, दुपारनंतर कॉफी नको. हा साचा अंगवळणी पडला की पुढे साधारण काय येणार याचा अंदाज बांधता येतो. आणि ऐकण्यातलं निम्मं काम अंदाजाचंच असतं, हे आपल्याला कुणी शाळेत सांगत नाही.

सुरुवात व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या ‘लर्निंग इंग्लिश’मधल्या आरोग्यविषयक अहवालांपासून केली. हा उपक्रम १९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘स्पेशल इंग्लिश’ या नावाने सुरू झाला. कल्पना साधी आहे: सुमारे १५०० शब्दांचा मूळ संच, छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि नेहमीच्या बातम्यांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी वेग. सोबत पूर्ण मजकूर मिळतो, आणि तोच या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. मजकूर नसलेलं ऑडिओ करमणुकीला ठीक. सरावाला नाही, कारण आपण काय ऐकलं आणि बोलणारा खरोखर काय बोलला याचा ताळा करायला जागाच उरत नाही.

पद्धत अशी ठेवली. आधी मजकूर न बघता पूर्ण अहवाल एकदा ऐकायचा, मध्ये कुठेही न थांबता. मग त्यातला मिनिटभराचा तुकडा घ्यायचा आणि वाक्यागणिक थांबवून वहीत उतरवायचा. जे कळलं नाही तिथे रेघ ओढायची. ते वाक्य पुन्हा लावायचं, रेघ भरते का पाहायचं. कंटाळा येईपर्यंत हे केल्यावरच मजकूर उघडायचा आणि लाल पेनाने गाळलेल्या जागा भरायच्या. आणि शेवटी, हे महत्त्वाचं, तोच तुकडा पुन्हा ऐकायचा. आता काय आहे ते माहीत असतं. ते ऐकू येतं का, एवढंच बघायचं.

रेघा अवघड वैद्यकीय शब्दांवर पडतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ‘इन्सोम्निया’, ‘मेलटोनिन’, ‘सर्केडियन’ ही मंडळी खणखणीत ऐकू यायची. घोडं पेंड खायचं ते चिल्ल्यापिल्ल्या शब्दांपाशी: ऑफ, ॲट, अ, टू, हॅव.

एक वाक्य जवळून दाखवते. प्रौढांनी रात्री किमान ७ तास झोप घ्यावी, ही शिफारस जवळजवळ प्रत्येक अहवालात कुठे ना कुठे येतेच. कागदावर ते वाक्य असं असतं: मोस्ट ॲडल्ट्स शुड गेट ॲट लीस्ट सेव्हन अवर्स ऑफ स्लीप अ नाइट. कानावर येतं ते असं: मोस्टॅडल्ट्स् शुग्गेडट्लीस्ट् सेव्हनावर्झव् स्लीपनाइट. ‘शुड’मधला ड पुढच्या ग मध्ये विरघळला. ‘गेट’चा ट दोन स्वरांच्या मध्ये सापडला म्हणून अमेरिकन तोंडात ड सारखा झाला. ‘ऑफ’चं ‘अव्’ झालं आणि ते ‘अवर्स’ला जाऊन चिकटलं. ‘अ नाइट’मधला ‘अ’ तर नुसता श्वासाएवढा उरला. माझ्या वहीत या वाक्याच्या मधोमध लांबलचक रेघ होती आणि दोन टोकांना ‘मोस्ट’ आणि ‘नाइट’ उभे होते.

यात कुणी घाईघाईने किंवा अस्पष्ट बोलतंय असं नाही. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच न्याय देतो. इंग्रजी बोलणारा महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधलं सगळं उरकून टाकतो. ते उरकणं नियमाने चालतं हे एकदा लक्षात आलं की कान त्या नियमांची वाट बघायला लागतो. ‘फॉर’चं ‘फर’ होणार, ‘अँड’चा नुसता ‘न’ उरणार, ‘शुड हॅव’चं ‘शुडव्’ होणार. मी या रेघांचीच वेगळी यादी करायला लागले, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्या यादीचा झाला. नव्या शब्दांची यादी केली होती, ती वहीत तशीच पडून आहे.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ने फार छळलं. शनिवार-रविवारी जास्त झोपून आठवड्याची तूट भरून निघते की निघत नाही, हा अशा अहवालांचा लाडका विषय, आणि वाक्याचा सगळा अर्थ त्या एका शब्दावर उभा. अमेरिकन उच्चारात नकाराचा शेवटचा ट बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. खूण ट मध्ये शोधायची नाही, स्वरात शोधायची. होकार असला की तो शब्द चिरडून ‘कन्’ होतो. ठसठशीत ‘कॅ’ ऐकू आला की बहुतेक नकार आहे असं समजायचं.

आकड्यांचंही तसंच. नवजात बाळाला दिवसाला १४ ते १७ तास झोप लागते, हे ऐकताना मला स्पष्ट ‘फॉर्टी टू सेव्हंटी’ ऐकू आलं. तिथे दिवसाचे २४ तास मदतीला धावून आले. पण टक्केवारीत १५ की ५० हे सांगायला कुणी येत नाही. अशा वेळी शेवटचा ‘न’ पकडायचा आणि ‘टीन’मधला ई लांब आहे का ते बघायचं. ‘थर्टी’ आणि ‘फॉर्टी’ अमेरिकन बोलण्यात ‘थर्डी’ आणि ‘फॉर्डी’ होतात, तीही खूण उपयोगी पडते.

विशेषनामांनी वेगळाच गोंधळ घातला. शरीरातल्या घड्याळावर बोलताना २०१७ च्या वैद्यकशास्त्रातल्या नोबेलचा उल्लेख हमखास येतो: जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग. रॉसबॅश हे नाव आहे हे न सांगता कळतं. पण नुसतं ‘हॉल’ आणि ‘यंग’ ऐकलं की मन खोली आणि तारुण्याकडे धावतं, आणि वाक्य हातचं जातं.

मग ‘स्लीप’ आणि ‘स्लिप’. गंमत म्हणजे ज्या विषयावर मी ऐकत होते त्याच शब्दापाशी कान कच्चा होता. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो (निदान पाळायचा प्रयत्न करतो), बोलताना त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. मी बरेच दिवस लांबी मोजत राहिले. पण प च्या आधी ‘स्लीप’मधला ई सुद्धा आखडता होतो, त्यामुळे लांबीवर भरवसा ठेवून चालत नाही. ‘स्लिप’मधला इ जरा ए कडे झुकलेला, सैल असतो. हा फरक मला स्वतः आरशासमोर ओठ ताणून बोलल्याशिवाय ऐकू आला नाही. तोंडाला जमलं की कानाला जमतं, हे यातून उमगलं. त्यानंतर बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, अर्धा शब्द मागे राहून तसंच बोलत जायचा सराव सुरू केला. त्याला ‘शॅडोइंग’ म्हणतात. घरातल्यांना वाटलं मी फोनवर कुणाशी भांडतेय.

डोळ्यांच्या ओळखीचे पण कानाला परके शब्दही पुष्कळ निघाले. ‘फटीग’ हा शब्द मी मनात कायम ‘फॅटिग्यू’ असा वाचत आले होते. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं सर्वाधिक स्पष्ट पडतात, त्याचा शोध १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी लावला, हे मला वाचून ठाऊक होतं. पण मी त्या टप्प्याच्या ‘आर-ई-एम’ या आद्याक्षरी नावाची वाट बघत बसायचे आणि अहवालातला माणूस ‘रेम’ म्हणून पुढे निघून जायचा.

वेगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्लेअरमध्ये वेग पाऊणपट करण्याने कानाला थोडी सवड मिळते, पण बोलणाऱ्याने गिळलेला ट काही परत येत नाही. गिळलेलं बोलणं फक्त ताणून ऐकू येतं. मुद्दाम सावकाश वाचलेलं ऐकणं त्याहून बरं. पण तिथेही फार रेंगाळू नये. पथ्यांचा भाग पाठ झाल्यासारखा ऐकू यायला लागल्यावर मी बीबीसीच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’कडे वळले. तिथे दोन जण गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात. त्या प्रश्नासाठी तरी माणूस टिकून राहतो. उच्चार ब्रिटिश, त्यामुळे ‘कान्ट’ची माझी कष्टाने कमावलेली खूण तिथे मोडीत निघाली. तिथे आ लांब असतो, म्हणजे उलट सोपंच.

एक बदल मात्र मनात नसताना झाला. सुरुवातीला मी फक्त मुख्य शब्द वेचायचे: कमी झोप, हृदयविकार, धोका. कान जरा मोकळा झाल्यावर मधले शब्द ऐकू यायला लागले: ‘मे’, ‘माइट’, ‘लिंक्ड टू’, ‘सजेस्ट्स’. आणि शेवटाकडे, आवाज किंचित खाली घेऊन सांगितलेलं ते वाक्य, की या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, दोन गोष्टी सोबत आढळल्या एवढंच. कमी झोपेने अमुक होतं, आणि कमी झोपणाऱ्यांमध्ये अमुक जास्त दिसलं, या दोन बातम्या वेगळ्या आहेत. तो फरक त्या उरकून टाकलेल्या शब्दांतच असतो. आरोग्याचे निम्मे फॉरवर्ड हे शब्द गाळून तयार होतात की काय, अशी मला शंका आहे.

झोपेत हेडफोन लावून भाषा शिकता येते का, असं मला दोघातिघांनी विचारलं. त्यावरही ऐकून झालं आहे. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी १९५०च्या दशकात मेंदूच्या लहरी तपासत झोपलेल्यांना माहिती ऐकवली; जे खरोखर गाढ झोपलेले होते त्यांना सकाळी त्यातलं काही आठवलं नाही. पुढे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी जर्मन बोलणाऱ्यांवर एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी शिकलेले डच शब्द झोपेत हळू आवाजात ऐकवले तर ते नंतर जास्त आठवले. म्हणजे आधी जागेपणी शिकणं आलंच. मी रात्री ऐकणं बंद केलं ते वेगळ्या कारणाने: वाक्यं थांबवून लिहायला लागलं की झोप उडते. आता सकाळी ऐकते. वीसेक मिनिटांनंतर कान थकतो, मग नुसता आवाज येत राहतो. त्यापुढे ओढण्यात मला तरी अर्थ दिसला नाही.

सध्या झोप सोडून मधुमेहावरचे अहवाल लावलेत, विषय बदलल्यावर कान कुठे उभा आहे ते बघायला. शब्द नवे आहेत, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात बरंच डोक्यावरून जातं. पण वहीतल्या रेघा आता बहुतेक औषधांच्या नावांवर पडतात. मधले ‘अव्’ आणि ‘फर’ न चुकता उतरतात. दोन तज्ज्ञ एकमेकांचं बोलणं तोडत बोलायला लागले, किंवा एखादा हसत हसत कोटी करून गेला, की मी अजून मजकूर उघडते.