भूगोल घेऊ का?

दुपारी जरा आडवी होणार, तोच भाची फॉर्म घेऊन आली. "मावशी, ऐच्छिक विषयात भूगोल घेऊ का? सगळे म्हणतायत, स्कोअरिंग आहे."

स्कोअरिंग! माझी झोपच उडाली. 'घे' म्हणून मोकळं व्हायचं, तर मी तिला समुद्र कसा रंगवायचा ते सांगत बसले.

निळ्या पेन्सिलीचं टोक ब्लेडने खरवडायचं. तो भुगा किनाऱ्यालगत भुरभुरायचा आणि कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने बाहेर ओढत न्यायचा. किनाऱ्याशी गडद, पुढे फिका. शिसाचा एखादा कडक कण भुग्यात राहिला, की मधोमध निळीजर्द रेघ उमटायची. खोडायला गेलं की आणखी पसरायची. मग मी तिला टोकाशी बाण काढायचे आणि सागरी प्रवाह करून टाकायचे. तपासणाऱ्या बाईंना कधी शंका आली नाही, किंवा आली असेल आणि त्यांनी दया केली असेल.

भूगोल घेतलाय म्हटलं की लोक ताबडतोब राजधान्या विचारतात. "मंगोलियाची सांग बघू!" गणितवाल्याला कुणी सतराचा पाढा म्हणायला लावत नाही; आम्ही मात्र जन्मभर उलानबाटर, उलानबाटर करत हिंडायचं. खरा भूगोल होता तो 'भौगोलिक कारणे द्या' या प्रश्नात. दक्षिण अमेरिकेतलं अटाकामाचं वाळवंट घ्या. अख्खा प्रशांत महासागर उशाशी, आणि पाऊस जवळजवळ नाहीच. का? तर किनाऱ्याने हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे खालची हवा गार होऊन तिथेच बसून राहते, वर चढतच नाही. आणि पूर्वेकडून येणारं बाष्प अँडीज पर्वत पलीकडेच अडवून ठेवतो. पाण्याशेजारी पाण्याविना! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला एखाद्याची चहाडी कळल्यासारखा आनंद झाला होता.

या प्रश्नाने माझी एक खोड कायमची करून ठेवली. कुठेही गेले तरी मनात 'कारणे द्या' सुरू. हे गाव इथेच का वसलं, रस्ता मध्येच का वळला, या खोलीत सगळे त्याच एका खुर्चीसाठी का भांडतात. (खुर्चीचं कारण वारा. पंख्याचा असला तरी वाराच.) फोनवर बोलताना हात रिकामा असला, तर कागदावर नालाकृती सरोवरं उमटतात. नदीचं वळण, मग वळणाची बारीक होत गेलेली मान, मग पुरात ती मान तुटते आणि नदी सरळ निघून जाते. मागे राहतं ते सरोवर. समोरचा माणूस जितका लांबण लावतो, तितकी सरोवरं जास्त.

आणि नकाशे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढा दिसायचा आणि मी तसंच धरून चालले होते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट. पण मर्केटरला दोष देता येत नाही. त्याने 1569 साली तो नकाशा खलाशांसाठी केला. होकायंत्राची एक दिशा धरली, की नकाशावर ती सरळ रेघ यावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यापायी ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. तो वर्गातल्या भिंतीवर टांगणाऱ्यांनी काय विचार केला, ते विचारायला हवं. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची, तर काहीतरी बिघडणारच. आकार सांभाळा नाहीतर क्षेत्रफळ, दोन्ही एकदम साधत नाहीत.

भाचीला हे सगळं सांगून झालं. तिने फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण याचा पुढे उपयोग काय?"

मी वेगेनर काढला, तो जर्मन शास्त्रज्ञ. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, हे नकाशा पाहणाऱ्या कुठल्याही पोराला दिसतं. त्याच्या आधीही लोकांना दिसलं होतं. पण 1912 मध्ये त्याने जीवाश्म, खडक, जुन्या हिमनद्यांच्या खुणा असे पुरावे जमवून सांगितलं, की खंड सरकतात. बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं. 1930 मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फावरच वारला आणि त्याचं म्हणणं जगाला पटायला 1960 चं दशक उजाडलं.

"म्हणजे त्याने भूगोल घेतला होता?"

इथे माझी पंचाईत झाली. वेगेनरची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली, काम हवामानाचं. मी म्हटलं, "ते सोड. तू निळी पेन्सिल चांगली घे."