आठ युरोंच्या आतली वाइन आणि वीसपैकी गुण

नोकरीनिमित्त फ्रान्समधल्या ल्योंला आल्यावर घराजवळच्या एका संध्याकाळच्या वर्गात मी नाव घातलं. विषय एकच होता: कोत द्यु रोन, तीही आठ युरोंच्या आतली. इथले लोक जेवणासोबत सहज उघडतात, पाहुण्यांसाठी राखून ठेवत नाहीत, अशातली ही रोन नदीच्या खोऱ्यातली लाल वाइन. नाव मात्र जुनं आहे. १७३७ मध्ये राजाज्ञेने त्या भागातल्या पिंपांवर 'सी डी आर' अशी अक्षरं डागायला सुरुवात झाली आणि १९३७ मध्ये अधिकृत भौगोलिक दर्जा मिळाला.

टेबलावर नाव दिसू नये म्हणून मोजे घातलेल्या बाटल्या, पांढरे कागद आणि प्रत्येकासमोर एक पिकदाणी. ग्लासात वाइन जेमतेम दोन घोट. ग्लास कागदावर तिरपा धरून कडेचा रंग बघायचा. दक्षिण रोनमध्ये ग्रेनाश या द्राक्षाचा भरणा जास्त, म्हणून रंग फारसा गडद नसतो आणि लवकर विटकरी होऊ लागतो. जोडीला सिरा असेल तर जांभळी झाक येते. (हीच सिरा आपल्याकडे नाशिकच्या बाटल्यांवर शिराझ म्हणून भेटते.) ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारांवरून लोक बरंच काही ठरवतात, पण त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

वासाला सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. आधी ग्लास न हलवता हुंगायचा, मग गोल फिरवून. पहिल्या ग्लासात मला पिकलेली करवंदं आणि मिरी जाणवली. फ्रेंच शेजारीण 'काळी बेरी' म्हणाली. शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही फळ्यावर लिहिलं. 'तुम्ही जे खाल्लंय तेच लिहा' हा त्यांचा पहिला नियम. दुसऱ्या ग्लासातून थेट ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, फळ नावालाही नाही. हा बुचाचा दोष. प्यायल्याने काही अपाय होत नाही, पण अशी बाटली दुकानात बिनधास्त परत न्यावी.

मग चव. घोट तोंडात धरून ओठांतून थोडी हवा आत ओढायची. तेव्हा आवाज होतोच, लाजायचं नाही. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा पुरेसा आहे. हिरड्या कोरड्या पडल्या तर द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा. गिळल्यावर घसा तापला तर अल्कोहोल वर येतंय. ग्रेनाश उन्हात भरपूर साखर धरतं, त्यामुळे १४ टक्क्यांच्या बाटल्या सर्रास दिसतात आणि ही उष्णता बाकीची चव झाकून टाकते. शेवटी चव किती सेकंद रेंगाळते ते मनात मोजायचं. या किमतीत चार-पाच सेकंद मिळाले तरी तक्रार नाही.

मी सर्वांत जास्त गुण दिले तिसऱ्या वाइनला, वीसपैकी पंधरा. ओकच्या लाकडाचा, व्हॅनिलाचा दणदणीत वास होता. मग सोसिसोंचे (सुकवलेल्या सॉसेजचे) काप आणि सें-मार्सेलँ चीज आलं, आणि त्याच वाइन पुन्हा चाखायला सांगितल्या. चीजसोबत तिसरी जड आणि कडवट लागली, तर बारा गुणांची चौथी, साधी नि किंचित आंबट, घोटागणिक रुचत गेली. गुण बदलायची मुभा होती. मी चौथीचे चौदा केले, तिसरीचे अकरा. मोजे काढल्यावर कळलं, चौथी गावच्या सहकारी संस्थेची होती आणि सर्वांत स्वस्त. माझ्या मते रोजच्या वाइनला जेवणाआधी गुण देऊच नयेत.

आता नवी बाटली आणली की उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. १५-१६ अंशांना अल्कोहोल दबतं आणि फळ पुढे येतं. अर्धी पिऊन बूच लावते आणि उरलेली दुसऱ्या रात्री भाजी-भाकरीसोबत घेते. तेव्हाही चांगली लागली तरच त्याच वाइनच्या आणखी दोन बाटल्या येतात.