रेड स्टील 2 ची नोंदवही: नेम मनगटातून, वार खांद्यातून

मागची नोंद झेल्डा मालिकेतला 'स्कायवर्ड सोर्ड' हा गेम संपवून थांबली होती आणि मोशन कंट्रोल्सवर, म्हणजे हात हलवून खेळण्यावर, त्यात माझी बरीच आगपाखड झाली होती. त्यामुळे पुढचा गेम कुठला, हे जवळपास ठरलेलंच होतं. निन्टेंडोच्या वी या गेम कन्सोलच्या त्याच मोशनप्लसवर (रिमोटची हालचाल नेमकी मोजणारा जोड, त्याबद्दल खाली) चालणारा, पण त्याच्या दीड-पावणेदोन वर्षं आधी, मार्च 2010 मध्ये आलेला 'रेड स्टील 2'. आता बराचसा खेळून झालाय. शेवटचा टप्पा बाकी आहे, पण मत बनलंय, म्हणून लिहायला बसलो.

आधी पहिल्या भागाबद्दल दोन शब्द, कारण त्याच्याशिवाय दुसऱ्याची गंमत कळत नाही. 2006 च्या नोव्हेंबरात वी बाजारात आली, तेव्हा तिच्यासोबतच युबिसॉफ्टचा 'रेड स्टील' आला. (युबिसॉफ्टचा स्टुडिओ आपल्या पुण्यातही आहे, पण हे दोन्ही भाग पॅरिसच्या मंडळींचे.) जाहिरात बघून सगळ्यांना वाटलं, हातातला रिमोट म्हणजेच तलवार. प्रत्यक्षात झालं असं की तुम्ही कसाही हात हलवा, पडद्यावर आधीच ठरलेल्या चार-दोन वारांपैकी एक दिसायचा, तोही किंचित उशिरा. तलवार उपसायची ती फक्त ठरलेल्या द्वंद्वात, बाकी वेळ बंदूकच. लोक चिडले ते साहजिक होतं. तरी गेम चांगला खपला, कारण नव्या कन्सोलवर तेव्हा दुसरं होतंच काय!

दोष सगळा प्रोग्रामरांचा नव्हता. हालचाल मोजायला मूळ वी रिमोटमध्ये फक्त ॲक्सेलरोमीटर होता. त्याला धक्का कळतो, गुरुत्वाकर्षणामुळे रिमोट कुठे कललाय तेही कळतं, पण दोन्ही एकदम झालं की त्याचा गोंधळ उडतो. तुम्ही जोरात हात फिरवत असता तेव्हा रिमोट कललाय की ढकलला गेलाय, हे त्याला वेगळं काढता येत नाही. आणि तलवारबाजीत तर नेमकं तेच, तिरका कल आणि जोर एकाच वेळी. 2009 च्या जूनमध्ये 'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट'बरोबर मोशनप्लस नावाचा ठोकळा आला. तो रिमोटच्या बुडाला लावायचा. त्यात जायरोस्कोप होते, म्हणजे रिमोट कुठल्या दिशेला किती वेगाने फिरतोय हे थेट मोजता यायला लागलं. 'रेड स्टील 2' या ठोकळ्याशिवाय सुरूच होत नाही. हा निर्णय मला आजही धाडसाचा वाटतो. ज्यांच्याकडे ठोकळा नव्हता, त्या सगळ्या गिऱ्हाइकांवर कंपनीने सरळ पाणी सोडलं.

माझी जुळवाजुळव सांगतो, कारण आपल्याकडे अर्धा वेळ त्यातच जातो. माझी वी अमेरिकेतली आहे. तिचा मूळ अडॅप्टर 120 व्होल्टचा, तो आपल्या भिंतीत थेट खुपसायचा नाही. कन्सोलला लागतात 12 व्होल्ट आणि 3.7 ॲम्पिअर, तसा अडॅप्टर वेगळा घेतला की ट्रान्सफॉर्मरचं धूड सांभाळावं लागत नाही. डिस्कही अमेरिकन हवी, कारण वी रिजन-लॉक्ड आहे, म्हणजे एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर चालत नाही. रिमोट नंतरच्या काळातला, म्हणजे मोशनप्लस आत असलेला. घेताना लोगोखाली 'मोशनप्लस इनसाइड' छापलंय का बघा. पण नुसत्या छपाईवरही विसंबू नका. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला 'ओरिजिनल' म्हणून पाठवलेल्या रिमोटवर ते झोकात छापलेलं होतं आणि आतला जायरो इतका टाकाऊ की टेबलावर निपचित ठेवलेल्या रिमोटचा हात पडद्यावर आपणहून डावीकडे सरकत जायचा. परत पाठवला. पैसे मिळाले, पण भांडून.

टीव्हीचं म्हणाल तर जुना डबा टीव्ही वापरतोय. मल्टिसिस्टिम असल्यामुळे एनटीएससी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचं, चित्र नीट दिसतं. एलसीडीवर स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी लावून पाहिली, तर वार आणि दृश्य यांच्यात जाणवण्याइतकं अंतर पडत होतं. बाकीच्या गेममध्ये डोळेझाक करता येते, पण इथे शत्रूचा वार अडवायचाय, चालत नाही. कुणाला एलसीडीच हवा असेल तर कंपोनंट केबल घ्या, कन्सोलमध्ये 480पी निवडा आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा. एवढ्याने बराच फरक पडतो.

आता खेळाकडे. दुसऱ्या भागाने पहिल्याची कथा, पात्रं, शहरं सगळं फेकून दिलंय. लॉस एंजेलिस-टोकियो गेलं. इथे आहे नेवाडाचं वाळवंट आणि त्यातलं कॅल्डेरा नावाचं गाव, जिथे काउबॉय आणि सामुराई एकाच गल्लीत नांदतात. नायकाला नाव नाही. कुसागारी नावाच्या कुळातला तो उरलेला एकटा. सुरुवातीलाच हात बांधून मोटरसायकलमागे धुळीतून फरपटत नेतात बिचाऱ्याला. चित्रशैली कॉमिकसारखी, जाड रेषा आणि सपाट रंगांची. त्यामुळे वीच्या तोकड्या ताकदीतही गेम आज म्हातारा दिसत नाही. रक्त औषधालाही नाही. कथा मात्र यथातथाच आहे. कोण कुणाचा सूड घेतंय ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि आठवलं नाही म्हणून काही बिघडतही नाही.

खरी करामत हातात आहे. गोळी झाडायची तर बी बटण, वार करायचा तर हात फिरवा. मध्ये हत्यार बदलायचं बटण नाही, वेगळा मोड नाही. समोरून तिघे येताहेत, लांबच्याला दोन गोळ्या, जवळ आलेल्याच्या बरगडीत आडवा वार, तो झुकला की मागच्यावर परत रिव्हॉल्व्हर. हे सगळं एका श्वासात होतं. पहिल्या भागाने जे दोन कप्प्यांत ठेवलं होतं, ते इथे एकजीव झालंय. सिक्वेल असाच हवा, मागच्याचा आवडलेला भाग फुगवून दाखवणारा नको.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. 'रेड स्टील 2' मधली तलवार तुमच्या हाताची हुबेहूब नक्कल करत नाही. वार आडवा, उभा की तिरपा आणि हलका की जोरदार, एवढंच गेम मोजतो, आणि त्यानुसार आपला तयार वार दाखवतो. ऐकायला हे पहिल्या भागासारखंच वाटेल. फरक असा की आता दिशा चुकत नाही, उशीर होत नाही आणि जोर खरोखर मोजला जातो. चिलखतवाला गडी समोर आला की मनगट झटकून काही होत नाही, चिलखत फोडायला हात खांद्यापासून फिरवावा लागतो. बचावातही तसंच. ए बटण दाबून तलवार आडवी धरायची, उभा वार येत असेल तर. आडवा येत असेल तर उभी. त्याच पवित्र्यात गोळ्यासुद्धा टोलवता येतात, आणि ते करताना वय विसरायला होतं.

दिवाळीत भाचा आला होता. वय चौदा, सगळा जन्म मोबाइलवर दोन अंगठ्यांनी खेळण्यात गेलेला. रिमोट हातात घेतला आणि सोफ्यावर रेलूनच सुरू. पहिल्या चिलखतवाल्याने त्याला धुतला.

"मामा, हा मरतच नाही. गेम बिघडलाय तुझा."

"उभा राहा आधी. आणि पट्टा मनगटात अडकव, नाहीतर टीव्ही मरेल."

उभा राहिला, दोन पावलं मागे सरकला आणि असा काही हात फिरवला की शेजारच्या स्टुलावरची फराळाची ताटली थोडक्यात वाचली. चिलखताचे तुकडे उडाले. मग पोरगा रात्रीपर्यंत हटेना. दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा भरून आला होता, माझाही येतो. इथे कोल्हापूरच्या एका मित्राची आठवण होते. लहानपणी तो तालमीत मर्दानी खेळ शिकलेला. त्याने हा गेम हातात घेतला तेव्हा कमरेतून वळून मारलेला त्याचा प्रत्येक वार गेमने 'जोरदार' म्हणून घेतला, आणि माझ्यापेक्षा निम्म्या धापेत. मनगटाने मारणारे दमतात, अंगाने मारणारे कमी दमतात. गेमने हे कुठे शिकवलेलं नाही, ते आपोआप होतं.

भाच्याला आवडलेली दुसरी गोष्ट म्हणजे तिजोरी. जागोजागी तिजोऱ्या आहेत आणि त्या फोडायच्या कशा, तर रिमोट कानाला लावून. रिमोटच्या छोट्या स्पीकरमधून कट्-कट् आवाज येतो. मनगट हळूहळू पिळायचं, आवाज बदलला की थांबायचं. टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो, घरातल्यांना गप्प बसवावं लागतं. वीच्या स्पीकरचा इतका नेमका उपयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिलाय. बहुतेक गेम त्यातून नुसती चिरचिर ऐकवतात.

नेमाबद्दलही बोललं पाहिजे. रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा असतो. टीव्हीजवळची पट्टी, जिला सगळे सेन्सर बार म्हणतात, तिच्यात सेन्सर नसतोच, दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात. (पट्टी बिघडली तर दोन मेणबत्त्या लावूनही काम भागतं, करून पाहिलंय.) जायरोचा जन्मजात रोग म्हणजे वेगावरून कोन काढता काढता बारीक चुका साठत जातात आणि नेम घसरतो. पण इथे तुम्ही सतत पडद्याकडे रोखत असता, म्हणजे त्या दोन दिव्यांचा आधार वरचेवर मिळत राहतो. त्यामुळे माझ्या खेळात घसरण जवळजवळ जाणवलीच नाही. सुरुवातीला कॅमेरा वळण्याचा वेग मात्र सेटिंगमध्ये जाऊन वाढवा. मूळ वेगावर मागून आलेल्या निन्जाकडे वळेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं. गर्दीत ननचकचं (दुसऱ्या हातात धरायच्या जोड-कंट्रोलरचं) बटण दाबून एकाला लॉक केलं की जोरदार वाराच्या वेळी नजर भिरभिरत नाही.

'स्कायवर्ड सोर्ड'शी तुलना टाळता येत नाही. तिथे तलवार खरोखर हातासोबत फिरते आणि शत्रू तुमचा हात वाचतात. घिराहिम नावाचा खलनायक तर तुम्ही तलवार ज्या बाजूला धरली आहे ती बघून वार चिमटीत पकडतो. कल्पना अफलातून, पण त्यामुळे प्रत्येक शत्रू एक छोटं कोडं बनतो. थांबा, बघा, बरोबर दिशेने एकच वार करा. दिशा चुकली की झटका बसतो आणि वाटतं, मी तर बरोबर मारलं होतं, यानेच चुकीचं वाचलं. 'रेड स्टील 2' कमी मागतो, पण जे मागतो ते दर वेळी बरोबर ओळखतो. विश्वास बसला की माणूस बिनधास्त मारतो. मला लढाईत ही रग हवी आहे. निन्टेंडोच्या भक्तांनी रागावू नये. मंदिरांची रचना, संगीत, सगळ्यात झेल्डा कितीतरी वर आहे, मी बोलतोय फक्त हाणामारीबद्दल.

रडगाणंही आहे. गाव म्हणजे गल्ल्या आणि दरवाजे. दरवाजा सावकाश उघडतो तेव्हा मागे पुढचा भाग लोड होत असतो, हे दुसऱ्यांदाच लक्षात येतं आणि मग दर वेळी खुपतं. फलकावरची किरकोळ कामं एकसुरी आहेत: इथे जा, ते फोडा, परत या. पैशांसाठी खोकी-पिंपं फोडत सुटायचं, तेही अति होतं. मल्टिप्लेअर नाही, याचं मात्र मला दुःख नाही. पहिल्या भागात तो होता आणि तिथेही आम्ही दोन दिवसांत कंटाळलो होतो.

एमुलेटरवाल्यांसाठी, म्हणजे कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्यांसाठी, थोडक्यात: डॉल्फिन या एमुलेटरवर हा चालतो, खरा रिमोट ब्लूटूथने जोडून चित्रही जास्त स्वच्छ मिळतं. उंदीर-कीबोर्डवर मोशनची नक्कल करूनही लोक खेळतात. खेळा बापडे, पण मग चिलखत फोडायला एक बटण दाबायचं असेल तर या गेममध्ये उरलं काय?

सध्याची स्थिती अशी. तलवारीचे बहुतेक विशेष वार विकत घेऊन झालेत. शत्रूला हवेत उडवून वरच्यावर कापायचा वार इतका आवडलाय की शॉटगनला गंज चढलाय. कताकारा निन्जांच्या घोळक्यात तो तेवढासा उपयोगी नाही, कारण एकाला उडवेपर्यंत दुसरा पाठीत घुसतो. तिथे झटकन बगल देऊन मागून भोसकायचा सराव चालू आहे. पुढच्या नोंदीत शेवटची लढत, आणि त्यानंतर चिलखत-तब्येतीचे अपग्रेड न घेता पहिल्यापासून पुन्हा. रिचार्जेबल सेल दोन जोड्या ठेवल्यात. खांद्याला बाम आहेच.