पाणथळ अभयारण्याचं ड्रोन सर्वेक्षण: जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

काम सांगायला सोपं होतं. पाणथळ भाग आणि त्याला लागून असलेल्या गवताळ टेकड्यांचा नकाशा काढायचा, जलपर्णी कुठवर पसरली ते बघायचं आणि जमलं तर पक्षी मोजायचे. त्यात ड्रोन उडवण्याचा भाग सगळ्यात कमी कटकटीचा. पुढच्या वर्षीचा नकाशा यंदाच्या नकाशावर तंतोतंत बसेल का, हे ठरतं ते जमिनीवर.

परवानग्या आधीच उरका. हवाई वाहतुकीची वेगळी, अभयारण्याची वेगळी, आणि अंधारात उडवायचं असेल तर त्याचे नियमही तपासा. विणीचा हंगाम टाळून तारखा मागितल्या तर अधिकारीही मोकळेपणानं बोलतात.

उजाडताच पहिलं उड्डाण केलं, थर्मल म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं. जमीन रात्रभर निवलेली असते, त्यामुळे गवतात बसलेली जनावरं पडद्यावर पांढरी उठून दिसतात. ऊन चढलं की खडकही तापतात, आणि मग हरीण कुठलं नि दगड कुठला, कळेनासं होतं. आम्ही तिथेच थर्मल आवरलं. दवाच्या दिवसांत ड्रोन पेटीतून काढून थोडा वेळ उघड्यावर ठेवा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं.

ड्रोन थव्यापासून लांबून उडवा, आधी उंची गाठा आणि मग आडवे या. पक्ष्यांना डोक्यावरून सरळ खाली येणारी वस्तू सर्वात जास्त बिथरवते. आणि जनावर जागचं हललं नाही म्हणजे त्याला त्रास नाही, असं धरू नका. अमेरिकेत मिनेसोटामध्ये काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवली होती. वरून ड्रोन गेला तेव्हा बहुतेक अस्वलं जागची हलली नाहीत, पण ठोके वाढले. एकीचे तर मिनिटाला १२३ नं. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून ‘जरा खाली घे, फोटो छान येईल’ म्हणणाऱ्याला मी हेच ऐकवतो.

पक्षी मोजायला मात्र ड्रोन खरोखर कामाचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी किनाऱ्यावर नकली पक्ष्यांच्या वसाहती मांडून, म्हणजे खरी संख्या आधीच ठाऊक असताना, परीक्षा घेतली. ड्रोनच्या फोटोंवरची मोजणी जमिनीवरून केलेल्या मोजणीपेक्षा ४३ ते ९६ टक्के अधिक अचूक निघाली (२०१८).

आता उंची. एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्यानं १०० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर साधारण २.७ सेंटीमीटरचा पडतो. जलपर्णीचे पट्टे ओळखायला हे भरपूर. चिखलातला छोटा पक्षी कुठल्या जातीचा, हे त्यातून कळणार नाही. खरी मेख टेकड्यांवर आहे. ड्रोन साधारणपणे उंची मोजतो ती जिथून उडाला तिथपासून. टेकडी ४० मीटर चढली की १०० चे ६० च उरतात, आणि दोन फोटोंमधला ७५ टक्के ओव्हरलॅप, म्हणजे दोन्हींत येणारा सामाईक भाग, ५८ वर येतो. जोडलेल्या नकाशाला भोकं पडतात ती इथेच. भूरूपानुसार उंची बदलण्याची सोय असेल तर वापरा, नसेल तर टेकडीचं उड्डाण वेगळं आखा.

पाण्यावर वेगळीच गंमत. सपाट पाण्यात जुळवायला खूणच नसते, त्यामुळे फोटो जोडणारं सॉफ्टवेअर हात टेकतं. शक्य तिथे प्रत्येक फोटोत थोडा काठ येईल अशा रेषा आखा. भर दुपारी पाण्यात सूर्य चमकतो, तेव्हा विश्रांती घ्या. आणि वारा असेल तर गवत हलतं, मग तेही जुळत नाही.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे नकाशा अचूक जागी बसावा म्हणून जमिनीवर खुणा मांडणं. काळे-पांढरे चौकोन काठाकाठानं ठेवायचे आणि प्रत्येकाच्या मध्यावर अचूक जीपीएसची काठी सरळ धरून उभं राहायचं. चिखलात काठी रुतते, म्हणून तळाशी चपटी पट्टी लावून घ्या. हे टाळलंत तर ड्रोनच्या साध्या जीपीएसमुळे नकाशा काही मीटर सरकतो, आणि न हललेली जलपर्णीही हललेली दिसते. आम्ही काही पक्क्या खडकांवर कायमच्या खुणा करण्याची परवानगी घेतली; पुढच्यांचा निम्मा वेळ वाचेल.

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरा. येताना समोरून वारा असला तर ती भराभर उतरते. आणि घरट्यांचे फोटो कुणालाही पाठवण्याआधी त्यातले अक्षांश-रेखांश पुसून टाका, शिकाऱ्यांच्या हाती ते लागू नयेत. मूळ फाइली मात्र तशाच जपून ठेवा, नकाशा जोडायला त्याच लागतात.