टोकियो डिस्नेची मोनोरेल: चढण्याआधी दिशा बघा

डिस्नेलँड आणि डिस्नेसी अशी दोन पार्कं असलेलं टोकियो डिस्ने रिसॉर्ट टोकियोत नाही. शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासू शहरात, खाडीत भराव घालून केलेल्या जमिनीवर ते उभं आहे. जवळचं स्टेशन माइहामा. मुंबईहून टूरबरोबर जाणाऱ्यांना बस थेट गेटवर सोडते, त्यांना हे सगळं वाचायची गरज नाही. स्वतः फिरणाऱ्यांना मात्र दोन वेगळ्या रेल्वेंशी गाठ पडते: माइहामापर्यंत जेआरची (जपानची मुख्य रेल्वे) केइयो लाइन आणि तिथून पुढे रिसॉर्टची स्वतःची मोनोरेल.

टोकियो स्टेशन ते माइहामा हा प्रवास पंधराएक मिनिटांचा. पण केइयोचे फलाट जमिनीखाली, बाकीच्या फलाटांपासून इतके लांब आहेत की गाडी बदलायलाच तेवढा वेळ जातो. सीएसएमटीला हार्बरच्या १ नंबरवर उतरून मुलं-बॅगांसकट १८ नंबर गाठायचा आणि त्यात चार सरकते जिने, असं धरून चला. ही जागा मुळात नारिता विमानतळाकडे जाणाऱ्या शिनकानसेनसाठी, म्हणजे बुलेट ट्रेनसाठी होती. तो बेत बारगळला आणि १९९० मध्ये केइयो तिथे आली.

म्हणून जमेल तेव्हा टोकियो स्टेशन टाळावं. उएनो, अकिहाबारा किंवा गिंझाजवळ राहत असाल तर मेट्रोच्या हिबिया लाइनने हाच्चोबोरीला या आणि तिथे केइयो पकडा. शिंजुकू-शिबुयाकडून साइक्यो लाइनच्या काही गाड्या रिंकाई लाइनवरून सरळ शिन-किबापर्यंत येतात, तिथे बदला. रिंकाई ही जेआर नाही, तिचं भाडं वेगळं आणि जेआर पास (परदेशी पर्यटकांना जेआरच्या गाड्यांसाठी मिळणारा पास) तिथे चालत नाही. सामान घेऊन नारिता किंवा हानेदाहून थेट यायचं असेल तर या भानगडीत पडूच नका. विमानतळावरून रिसॉर्टपर्यंत थेट बस आहे.

कुठली गाडी पकडायची? फास्ट-स्लोची सवय असल्यामुळे आपण इंडिकेटरसमोर उगाच थबकतो. केइयोची लोकल आणि रॅपिड दोन्ही माइहामाला थांबतात. त्याच फलाटांवरून सुटणाऱ्या मुसाशिनो लाइनच्या गाड्याही थांबतात. थांबत नाहीत त्या फक्त लिमिटेड एक्सप्रेस. माइहामाचा नंबर जेई ०७ आहे, तो लक्षात ठेवला की जपानी वाचता न येण्याचं काही अडत नाही.

माइहामाला दक्षिणेच्या दाराने बाहेर या. उजवीकडे चालत गेलात तर पाचेक मिनिटांत डिस्नेलँड. डावीकडे इक्सपियारी मॉल आणि मोनोरेलचं रिसॉर्ट गेटवे स्टेशन. खरी गोम इथे आहे.

ही मोनोरेल २००१ मध्ये सुरू झाली. पाच किलोमीटरचं वर्तुळ, चार स्टेशनं, पूर्ण फेरीला तेराएक मिनिटं. आपल्या चेंबूर–सातरस्ता मोनोला जायला एक आणि यायला एक अशा दोन तुळया आहेत. इथे तुळई एकच, त्यामुळे गाड्या कायम घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरतात. क्रम पाठच करा: रिसॉर्ट गेटवे, डिस्नेलँड, बेसाइड, डिस्नेसी आणि पुन्हा गेटवे.

या क्रमातून सगळं ठरतं. गेटवेहून डिस्नेलँड पुढचंच स्टेशन, पण चालत पाच मिनिटांचं असल्यामुळे मोनोरेलचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. परतताना तर मुळीच नाही, कारण डिस्नेलँडहून गेटवेला येणारी गाडी बेसाइड, डिस्नेसी करत पूर्ण वळसा घालते. डिस्नेसीचं गणित उलटं. जाताना ते गेटवेपासून तिसरं स्टेशन, परतताना मात्र एकच स्टेशन. चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटं. दिवसभर उभं राहून पाय भरून आल्यावर डिस्नेसीहून येताना मोनोरेलचे पैसे नक्की वसूल होतात.

हॉटेल निवडतानाही हाच नकाशा समोर ठेवा. हिल्टन, शेरेटन, ओकुरा वगैरे खाडीकाठची हॉटेलं बेसाइड स्टेशनची. स्टेशनवरून त्यांच्यापर्यंत फुकट शटल बस आहे. बेसाइडहून डिस्नेसी पुढचंच स्टेशन, डिस्नेलँड मात्र तिसरं, म्हणजे शटल आणि गाडीची वाट धरून गेट उघडण्याच्या बरंच आधी निघावं लागतं. संध्याकाळी डिस्नेलँडहून बेसाइड एकाच स्टेशनवर. २०२२ मध्ये उघडलेलं टॉय स्टोरी हॉटेल बेसाइड स्टेशनसमोरच आहे, तिथे शटल लागत नाही. डिस्नेलँड हॉटेल आणि डिस्नेसीचं मिराकोस्टा हॉटेल आपापल्या पार्कच्या दारातच आहेत. त्यांच्या दरात हीच सोय मोजलेली असते.

मोनोरेल फुकट नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. फ्लोरिडाच्या डिस्नेत १९७१ पासूनची मोनोरेल फुकट आहे. इथली रीतसर रेल्वे आहे, वेगळी कंपनी, वेगळे गेट. जेआर पास चालत नाही. एक स्टेशन जा की तीन, भाडं तेच. दिवसाचा पास तिसऱ्या प्रवासाला वसूल होतो, दोनच प्रवास करायचे असतील तर सुटं तिकीट बरं. सुइका कार्ड (आधी पैसे भरून गेटवर टॅप करायचं कार्ड) चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. पुढे एकाने टॅप करून मागून चौघांनी जायचं, हे गेट होऊ देत नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, मात्र मोठ्यांचं साधं सुइका मुलाच्या हातात दिलंत तर पूर्ण भाडं कापलं जातं. मुलांचं कार्ड पासपोर्ट दाखवून वेगळं काढावं लागतं, नाहीतर मशीनवर मुलांचं बटण दाबून कागदी तिकीट घ्या.

पार्कच्या आतल्या गाड्या हा वेगळा विषय. डिस्नेलँडच्या वेस्टर्न रिव्हर रेलरोडला एकच स्टेशन आहे. चढलात तिथेच उतरणार, तेव्हा ती फक्त बघण्यासाठी. वाफेचं इंजिन खरं आहे, म्हणून बसावंच. डिस्नेसीतली इलेक्ट्रिक रेल्वे मात्र अमेरिकन वॉटरफ्रंट ते पोर्ट डिस्कव्हरी अशी खरोखर नेते. रांग लहान असेल तरच, नाहीतर चालणारा आधी पोचतो.

रात्री पार्क बंद झाल्यावर सगळे एकदम माइहामावर येतात. सुइकात परतीचे पैसे सकाळीच भरून ठेवा, रात्री मशीनपुढे रांग असते. फलाट एकच आहे, दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, त्यामुळे बाजू बघून उभे राहा. टोकियोच्या बाजूची केइयो येवो की मुसाशिनो, दोन्ही टोकियोलाच जातात. जोराचा वारा असेल त्या दिवशी आधी गाड्यांची स्थिती तपासा: केइयोचा मार्ग खाडीलगत उंच पुलांवरून जातो आणि वाऱ्यात गाड्या हळू होतात किंवा थांबतात. अशा वेळी फलाटावर ताटकळण्यापेक्षा माइहामाहून उरायासू स्टेशनची बस पकडा. तिथून मेट्रोची तोझाई लाइन मध्य टोकियोतल्या निहोनबाशी आणि ओतेमाचीला नेते.