सोलापूरचं ऊन तिथं कामाला येत नाही : चैया आणि को फांगन

मे महिन्यात बेचाळीस अंशांत वावरणाऱ्याला थायलंडच्या बत्तिसाचं काय भ्या? ध्यान-योगासाठी सोलापुरातून तिकडं निघताना जो तो हाच हिशोब मांडतो, आणि तिथंच चुकतो. आपलं ऊन कोरडं. घाम येतो, उडून जातो, अंग निवतं. दक्षिण थायलंडच्या दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता वाहतो. पहाटेच्या आसनांनंतर सदरा पिळावा लागतो, दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. नुसतं पाणी ढोसलं की गोळे वाढतात, कारण गेलंय ते मीठ. ओआरएसचं अख्खं पाकीट १ लिटर पाण्यात टाकायचं. अर्धं पाकीट पेल्यात ढवळायची आपली सवय सोडा. पाकीट संपलं तर १ लिटरला साखर ६ सपाट छोटे चमचे, मीठ अर्धा चमचा. पहिले आठ-दहा दिवस सराव निम्माच ठेवा, मग तुम्ही घरी कितीही सूर्यनमस्कार घालत असा.

मुंबईहून जा नाहीतर हैदराबादहून, तो भाग सरळ आहे. बँकॉकला पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत डिजिटल आगमन-पत्र भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारं पान दिसलं की ते सरकारी नाही, बंद करा. दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून सुटतात. जुने वृत्तांत वाचून हुआ लाम्फोंग या जुन्या स्थानकात गेलात तर गाडी चुकली समजा. सुआन मोक्ख या बौद्ध विहारात ध्यान-शिबिराला जायचं असेल तर चैया स्थानकावर उतरा. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तिकीट काढतानाच विचारा. सुरत थानीला उतरलात तर स्थानक शहरात नाही, फुनफिनला आहे. तिथून पुन्हा मागं यावं लागतं.

सुआन मोक्ख हा बुद्धदास भिक्खूंनी १९३२ साली स्थापन केलेला विहार. परदेशी साधकांचं मौन शिबिर हमरस्त्यापलीकडच्या वेगळ्या आवारात, महिन्याच्या १ तारखेला सुरू होतं. इगतपुरी करून आलेल्यांनी एक गाठ मनाशी बांधावी : हे विपश्यनेचं ते शिबिर नाही. इथं चौथ्या दिवशी श्वास सोडून शरीरभर फिरायचं नसतं. आनापानसतीच्या, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाच्या, १६ पायऱ्या; शेवटपर्यंत श्वासच. दोन्ही पद्धतींची खिचडी केली की हाती काही लागत नाही.

पहाटे ४ ला घंटा. झोपायला सिमेंटचा ओटा, वर चटई, उशाला लाकूड. सोलापुरी चादर जड होते, नेऊ नका, असं सगळे सांगतात. एक जुनी, विटलेली न्याच. चौघडी करून कंबरेखाली घातली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा खुब्यांचा ठणका निम्मा होतो. अंघोळ उघड्या हौदावर, लुंगी किंवा पंचा नेसून. पातळ पंचे दोन ठेवा, जाड टॉवेल तिथं वाळत नाही. कडक भाकरी मात्र घरी ठेवा. त्या हवेत ती आधी चिवट होते, मग बुरशी धरते. शेंगाचटणी घट्ट झाकणाच्या डब्यात टिकते, पण ती शिबिरानंतरसाठी.

योगासाठी को फांगन बेट. सुरत थानीहून डॉन साक धक्क्यापर्यंत बस आणि पुढं बोट, असं एकत्र तिकीट मिळतं. नोव्हेंबर टाळा, त्या किनाऱ्याला तेव्हा पावसाचा कहर असतो आणि बोटी रद्द होतात. चटई गुंडाळण्याआधी सावलीत पूर्ण वाळवा, नाहीतर काळे ठिपके पडतातच. हात सटकत असतील तर चटईवर जुना पातळ टॉवेल पसरून त्याची दोन्ही टोकं ओली करा.

बेटावरची खरी लूट स्कूटरची. भाडं स्वस्त असतं, फास परतीच्या दिवशी आवळतात. दुकानदार तारण म्हणून पासपोर्ट मागतो. गाडी परत देताना फूटबोर्डाखालचा एखादा ओरखडा दाखवून हजारांत बाट मागतो, आणि तुमची बोट तासाभरात असते. पासपोर्ट त्याच्या खणात, मग भांडणार कोण? पासपोर्ट देऊ नका. २-३ हजार बाट रोख अनामत घेणारं दुकान मिळेपर्यंत चालत राहा. मिळतं. गाडी घेताना दुकानदारासमोर व्हिडिओ काढा : चारी बाजू, आरसे, ब्रेकच्या मुठींची टोकं, सायलेन्सर, आणि वाकून खालची बाजू. परत देताना आदल्या संध्याकाळीच द्या, बोटीच्या दिवशी कधीच नाही. सोलापूरच्या आरटीओतून नमुना ४-अ भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि त्यावर दुचाकीचा वर्ग आहे ना ते बघा. नुसता चारचाकीचा असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. बेटावरच्या हाद रिन किनाऱ्याकडचा रस्ता खड्या चढ-उतारांचा, तीव्र वळणांचा आहे. पाऊस पडून गेल्यावर तो नकोच. त्या बाजूला पैसे गेले तरी चालतील, सोंगथेव म्हणजे सामायिक टॅक्सीनं जा. एकट्यासाठी निघायला चालक जास्त मागतो, म्हणून बोटीतूनच चार जण गोळा करून उतरा.

२०० तासांचा शिक्षक-कोर्स करायला तिथं जाऊ नका. चार आठवड्यांत २०० तास म्हणजे सुट्ट्या वगळून रोज आठेक तास, त्या चिकचिकीत. अंग शिकत नाही, नुसतं तग धरतं. वर ज्या योगा अलायन्सच्या नोंदणीचा गाजावाजा होतो ती अमेरिकेतली खासगी संस्था आहे, सरकार नव्हे. त्यापेक्षा महिन्याचा पास काढून सकाळचे वर्ग करा. पर्यटक म्हणून जाऊन तिथं पैसे घेऊन शिकवणं तर बेकायदाच, वर्क परमिट लागतं. मुक्काम किती ते पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख ठरवते. चुकलात तर दिवसाला ५०० बाट दंड.

शाकाहाऱ्यांनी पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधावं. एरवी भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडतं. एटीएम दर वेळी शुल्क कापतं, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा आणि ‘रुपयांत रूपांतर’ नाकारा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, रात्रीची मच्छरदाणी त्याला अडवत नाही. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, आणि रक्त तपासा.

परतीच्या पिशवीत काहीही ओलं भरू नका. चादर आदल्या दोन दिवसांत धुऊ नका, मळकीच आणा आणि इथल्या गच्चीवर धुवा. सोलापूरच्या उन्हात ती दुपारपर्यंत वाळते.